डॉक्टरीणबाईंची शॉटगन

डॉक्टरीणबाई हळदीकुंकवाला आल्या की बायका त्यांच्या साडीकडे बघायच्या आणि बाई बघायच्या बायकांच्या मानेकडे. दागिन्यांकडे नाही हो, मानेकडेच. जबड्याखाली ती शीर टकटक उडते ना, तिच्याकडे. एका संक्रांतीला पुण्याहून नुकतीच आलेली एक नवी सून त्यांना वाण द्यायला वाकली, तर बाई तिचा हात धरून म्हणाल्या, "काय शिरा आहेत गं तुझ्या! आंधळ्यानं सुई घातली तरी जाईल." पोरगी अशी दचकली की सगळा तिळगूळ गालिच्यावर. बाईंना कळेचना आपण वाईट काय बोललो. त्यांच्या मते ते कौतुक होतं.

कारण माणूस म्हटला की बाईंना तो आधी आतून दिसायचा. मूळच्या कोल्हापूरच्या. ज्या काळात आपल्या बायका इथे दुकानात एकटं जायला बिचकायच्या, त्या काळात ह्या शिकागोच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात भोसकलेली, गोळ्या लागलेली, गाडीखाली चेंगरलेली माणसं शिवत होत्या. निवृत्त होईपर्यंत तेच. मी शिकागोजवळच्या नेपरव्हिल गावातली त्यांची शेजारीण. माझं शिक्षण सातवी, तेही साताऱ्याकडच्या खेड्यातलं. नवरा गेल्यावर घरात पाळणाघर काढलं आणि लोकांची पोरं वाढवली. आता आमच्या दोघींची बरोबरी ती काय? पण अंगणाला अंगण लागून होतं आणि त्यांना माझ्या हातचा पांढरा रस्सा आवडायचा, एवढं पुरलं. मला नावानं त्यांनी कधी हाक मारली नाही. "काय गं बये," एवढंच.

जेवताना गप्पा कसल्या, तर फाडाफाडीच्या. "एक जण छातीत सुरी तशीच घेऊन चालत आला बघ. मूठ हलत होती, टिक टिक टिक. का सांग? टोक काळजाला टेकलेलं. काळीज उडेल तशी सुरी उडायची." असं म्हणत नळी ताटावर आपटायच्या आणि त्यातला मगज ओढून घ्यायच्या. मी म्हणायची, "अहो बाई, घास उतरत नाही घशाखाली." त्यावर उत्तर ठरलेलं. "मग तुझी नळी इकडे दे."

आणि एक वाक्य होतं त्यांचं. "आधी भोक बुजवा, मग बोला." गणपतीच्या नाटकात तालमीवरून भांडण होऊन नायक निघून गेला तेव्हा सगळे कुणाचं चुकलं यावर तास घालत होते. बाई उठल्या, निखिलला, म्हणजे नागपूरकडच्या त्या कॉम्प्युटरवाल्या पोराला, कॉलर धरून उभा केला आणि म्हणाल्या, "हा आजपासून नायक. भोक बुजलं. आता भांडा." निखिलला एक ओळ पाठ नव्हती. पण नाटक झालं.

इतकी कडक बाई घरात मात्र वेगळी. नवरा पूल बांधणारा इंजिनिअर. सारे त्यांना इंजिनिअरकाकाच म्हणायचे आणि बाईही हाक मारायच्या "अहो इंजिनिअर" अशीच. त्यांना पार्किन्सन झाला, हात थरथरायचे. चमचा तोंडाशी येईतो आमटी शर्टावर. रोज सकाळी बाई त्यांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवून दाढी करायच्या. "हनुवटी वर. आता गिळू नका." वस्तरा असा चालायचा की पाण्यावरून पान. मी कितीदा कॉफी घेऊन तिथं थांबलेय नुसती. त्या घरात प्रेमाचा शब्द काही मी ऐकला नाही, पण ती दाढी बघितलीय.

आता आपल्या लोकांची एक खोड सांगते. आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या अर्ध्या घरांत गॅरेजचं दार उघडायचा आकडा एकच होता, १६७४. राज्याभिषेकाचं साल. लक्षात ठेवायला नको. डबा द्यायचाय, पोराला सोडायचंय, दाबा सोळाशे चौऱ्याहत्तर आणि "आहे का कोणी घरात?" म्हणत थेट स्वयंपाकघरात. बेल वाजवून येणारा तो परका. आम्हाला वाटायचं, हा आकडा इथल्या माणसाला सात जन्मात सुचायचा नाही. पण सुचायची गरजच काय? गॅरेजची दारं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाला घरोघर तोच आकडा विश्वासानं सांगितला गेला, आणि त्यानं तो आणखी कुणाला सांगितला. पोलिसांनी हे नंतर शोधून काढलं.

लक्ष्मीपूजनाची दुपार. पूजेत ठेवायला आपण सगळे बँकेतून सोनं घरी आणतो, हेही चोरांना माहीत होतं. दोघे आत आले, तोंडं झाकलेली, एकाच्या हातात पिस्तूल. बाईंनी एक शब्द न बोलता सोन्याचा डबाच पुढे केला. तरी त्यांचे हात मागे घेऊन प्लॅस्टिकच्या पट्ट्यानं ओव्हनच्या मुठीला बांधले. इंजिनिअरकाकांना सांगितलं, हात वर कर, हलू नकोस. हात वर झाले. पण ते न हलणार कसे? "डोन्ट मूव्ह!" तो ओरडला. बाई ओरडल्या, "ही इज सिक! ही कान्ट हेल्प इट!" त्या माणसानं पिस्तुलाच्या दस्त्यानं तोंडावर मारलं. काका पडले, पडल्यावर हात जास्तच उडायला लागले, तर पुन्हा मारलं. मग लाथा.

मी करंज्या घेऊन गेले, सोळाशे चौऱ्याहत्तर दाबूनच. फरशीवर रक्त, आणि बाई ओव्हनला बांधलेल्या. पाय लांबवून लांबवून त्यांचा अंगठा नवऱ्याच्या सपातीपर्यंत पोचत होता, पुढे नाही. पट्टा ओढून ओढून मनगटाचं कातडं सोललेलं. मी कात्री घेऊन त्यांच्याकडे धावले तर गरजल्या, "मला सोडू नकोस! आधी त्यांच्या तोंडात बोटं घाल. जीभ धर. पुढे ओढ, बये, जोरात!" मी ओढली. दात माझ्या तळव्यावर पडले. काकांनी श्वास घेतला तो आवाज, विहिरीत कळशी बुडते तसा.

काका वाचले. डावा डोळा गेला, जबडा तारेनं बांधला. सोन्याबद्दल बाई पुन्हा एक अक्षर बोलल्या नाहीत. एकदाच, मनगटावरचा वण दाखवून मला म्हणाल्या, "हे मरत होते आणि माझे हात बांधलेले. माझे हात, बये." त्याच आठवड्यात त्यांनी बंदूक बाळगायला लागतं ते राज्याच्या परवान्याचं कार्ड मागवलं.

मग काय, आमच्या मंडळातल्या पुरुषांना विषय मिळाला. बाईंच्या दिवाणखान्यात पोहे खात खात प्रत्येक जण तज्ज्ञ. निखिल म्हणाला, "काकू, लिसन, शॉटगनच घ्या. नुसता खटॅक आवाज केला ना, चोर पळून जातो."

"आवाजानं पळणाऱ्या चोरासाठी मी तुला ठेवीन की. तुझं गाणं ऐकलंय मी."

सगळे हसले. निखिल मागे हटेना. "तसं नाही यार काकू. छर्रे पसरतात, नेम धरायलाच नको."

"कुणी सांगितलं? व्हिडिओनं?" बाईंनी पोह्यांचा डाव उचलला. "घरातल्या घरात काही पसरत नाही, मर्दा. एवढ्या खोलीत मुठीएवढं एकच भोक पडतं. आणि आत सगळा बाजार. छर्रे, प्लॅस्टिकची टोपी, शर्टाचा कापूस, बरगडीचा चुरा. तांदळातले खडे वेचतात तसं वेचत बसलेय मी."

दुसरा कुणी घाईनं म्हणाला, "मग रायफल बरी. नेमकी असते."

"जाताना नेमकी. भोक बाहेरून करंगळीएवढं, वाटावं फोड आलीय. पोट उघडलं तर यकृत असं, भिंतीवर टोमॅटो मारल्यासारखं. मी दोन्ही हातांनी धरलं तर बोटांतून गळालं." निखिलनं बशी खाली ठेवली. बाईंनी त्याला आणखी पोहे वाढले. "मारायला दोन्ही झकास आहेत रे. मारल्यावर गोळी थांबते कुठे, ते सांगा कुणी तरी."

कोपऱ्यातून काका बांधलेल्या दातांतून म्हणाले, "घरात बंदूक नको."

"तुम्हाला विचारलेलं नाही."

"मला नाही तर कुणाला? भिंतींपलीकडे मीच असणार ना."

बाईंनी डाव खाली ठेवला.

बंदुकीच्या दुकानात मला सोबत नेलं. दाढीवाला, दंडावर गरुड गोंदलेला, फार नम्र माणूस. त्यानं आम्हा दोन म्हाताऱ्यांपुढे एक गुलाबी बंदूक ठेवली. बाई त्याला म्हणाल्या, "मी नात नाही, आजी आहे." मग त्यांनी शॉटगन खांद्याला लावून बघितली, काऊबॉय वापरतात तशी खटका ओढायची रायफल लावून बघितली, आणि विचारलं, "दोन भिंती पार करून काय उरतं?" तो म्हणाला, मॅम, ते सांगणं कठीण. "मग मीच बघते," म्हणाल्या.

खरंच बघितलं हो! गावाबाहेर त्यांच्या जुन्या नर्सचं शेत होतं, तिथं बर्फ वितळल्यावर गेलो. काकांना गाडीत बसवून नेलं, कारण घराच्या भिंती आतून कशा असतात ते त्यांनाच ठाऊक. इथली घरं म्हणजे काय, लाकडाचा सांगाडा आणि दोन्हीकडून खडूच्या पाट्या, शीटरॉक म्हणतात त्याला. काकांनी सांगितलं तसा सांगाडा उभा केला, हॉलची भिंत आणि निजायच्या खोलीची भिंत, अंतर तेवढंच. मागे खाटकाकडून आणलेली डुकराची अख्खी मांडी टांगली. "माणसाच्या सगळ्यात जवळचं मांस," बाई म्हणाल्या. मी रामराम म्हणत कान दाबून घेतले.

आधी शॉटगन, मग नव्या मांडीवर रायफल. पाट्यांचा पांढरा धुरळा उडाला. मग बाईंनी गाडीच्या बॉनेटवर वर्तमानपत्र पसरलं, दोन्ही मांड्या त्यावर घेतल्या आणि स्वयंपाकाच्या सुरीनं चिरत बसल्या. "बये, इथं धर. ताण." माझी बोटं त्या भोकात. शॉटगनचे छर्रे दोन्ही भिंती फोडून मांसात शिरलेले, काही हाडाला चिकटून बसलेले. रायफलची गोळी सापडलीच नाही. भिंती, मांस, हाड, मागचा कुंपणाचा खांब, सगळ्यातून निघून शेतात कुठं तरी गेलेली.

काका खिडकीची काच खाली करून बघत होते. म्हणाले, "म्हणजे दोन्ही मला मारतात."

"हो," बाई म्हणाल्या. "पण ही दुसरी तुम्हाला मारून वर हिच्या स्वयंपाकघरात जाईल."

अशी शॉटगन ठरली. लहान नळीची, खांद्याला कमी धक्का देणारी. पण खरा निवाडा बंदुकीचा झालाच नाही, तो काकांच्या जागेचा झाला. त्यांची खिडकीजवळची खुर्ची उचलून मागच्या खोलीत गेली. खोलीचं दार एका बोळात उघडायचं आणि बोळाच्या शेवटी शेकोटीची विटांची भिंत, म्हणजे छर्रे तिथंच अडणार. "कोणी आलं तर आपण दोघं इथं. दार लावायचं. मी दाराकडे तोंड करून, तुम्ही माझ्या मागे. मी ही खोली सोडणार नाही, तुम्ही सोडायची नाही. बाहेर असेल ते सगळं त्यांनी न्यावं." मंडळात जाहीर केलं, यापुढे फोन केल्याशिवाय माझ्या घरात कुणी पाऊल टाकायचं नाही. लोकांना राग आला. आपल्यात फोन करून येणं म्हणजे अपमान! दोन-तीन बायकांनी बोलणं टाकलं. बाई म्हणाल्या, "रुसलेली बाई जिवंत असते."

पुढच्या उन्हाळ्यात ते पुन्हा आले. भरदुपारी. गाडी गॅरेजात बंद, बाहेर दिसेना, म्हणून त्यांना वाटलं घर रिकामं. मागचं काचेचं दार फोडलं. मी माझ्या स्वयंपाकघरात भेंडी चिरत होते, काच फुटल्याचा आवाज ऐकला आणि हात तिथंच थांबला. मग बाईंचा आवाज, इंग्रजीत, इतका मोठा की भिंतीतून ऐकू आला: "माझ्याकडे बंदूक आहे, दाराला हात लावू नका." मग दाराला लाथ बसली, पुन्हा एक लाथ. आणि मग तो धडाका. माझ्या कपाटातल्या वाट्या खणखणल्या. एक माणूस माझ्या कोथिंबिरीच्या वाफ्यातून पळत गेला, पँट सावरत.

आत काय झालं ते मला काकांनी सांगितलं. बाईंनी कधीच नाही.

दारातून छर्रे गेले तेव्हा पलीकडच्यानं लाथ मारायला पाय उचललेला होता. सगळं जांघेत बसलं. तो पडला, किंचाळायला लागला, मग किंचाळणं बारीक झालं. बाई दाराआडून ऐकत होत्या, बंदूक तशीच रोखून. फोनवर पोलिसांची बाई सांगत होती, खोलीतच थांबा. दुसरा पळाला की घरातच आहे, कुणाला ठाऊक नव्हतं.

"पट्टा काढ!" बाई दारातून त्याला ओरडल्या. "बेल्ट काढ, मांडीला वरून बांध!"

"आय कान्ट. मॅम, आय कान्ट." आवाज पोरसवदा.

"मग मूठ घाल भोकात. आत घाल. दाब!"

"यस, मॅम." आणि मग फक्त रडणं. ममा, ममा असं.

काका म्हणाले, "दार उघड."

"नाही."

"अगं पोर मरतंय ते."

"मरू दे तिकडे. इथं तुम्ही आहात."

"रक्त दाराखालून आत आलंय," काका म्हणाले आणि उठले. बाईंच्या हातात बंदूक, त्या त्यांना धरणार कशा? काकांनी दार उघडलं. बोळात विशीतला पोरगा, ज्यानं काकांचा डोळा फोडला तो नव्हेच, तो पळाला होता. हा दुसराच, नवा. रक्त फवाऱ्यासारखं विटांवर उडत होतं. काकांनी हात लावला तर हात घसरले, थरथरले, कामाचेच नव्हते. बाई चौकटीत उभ्या राहिल्या, नळी बोळाच्या तोंडाकडे, आणि मराठीत म्हणाल्या, "हात नको. गुडघा. जांघेत टेका, हाडाच्या वरच्या अंगाला. उजवीकडे. आता सगळं वजन द्या." काका बसले त्याच्यावर. पोरगा ओरडला. काका म्हणत होते, "सॉरी बाळा, सॉरी." फवारा थांबला. बाई पोराला इंग्रजीत दरडावत होत्या, "डोळे मिटू नकोस. माझ्या नवऱ्याकडे बघ." तो बघत होता. एका डोळ्याच्या म्हाताऱ्याकडे.

पोलीस आले. बाईंनी बंदूक खाली ठेवून लाथेनं दूर सारली. पोलिसांना काय दिसलं असेल? रक्तानं माखलेला एक माणूस दुसऱ्याच्या अंगावर बसलेला. ओरडले, हात दाखव, हलू नकोस! काकांनी हात वर केले, आणि ते हात, देवा, ते हात उडत होते. "ही इज सिक!" बाई ओरडल्या. "ही इज सिक! ह्यांना उठवू नका!" एकानं काकांना काखेत धरून बाजूला ओढलं. गुडघा निघाला. भिंतीवर पुन्हा फवारा.

पोरगा दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात दगावला. खटला वगैरे झाला नाही, स्वतःच्या घरात स्वसंरक्षण, कायदा तसाच आहे. सांगायला आलेल्या अधिकाऱ्याला बाईंनी विचारलं, कुठली रक्तवाहिनी, टेबलावर कधी घेतलं, आधी काय बांधलं. त्याला काही सांगता येईना. तो गेल्यावर माझ्याकडे वळल्या. "माझ्या टेबलावर आला असता ना, बये, तर वाचला असता." एवढंच म्हणून बोळातल्या विटा घासायला बसल्या. मी पाणी बदलून बदलून दिलं.

आणि आमचे लोक! दसऱ्याला मंडळानं बाईंचा सत्कार ठेवला. पाठीमागे पडद्यावर महिषासुरमर्दिनी, शाल, श्रीफळ, निवेदक म्हणतोय रणरागिणी. मला वाटलं बाई येणारच नाहीत. आल्या. नऊवारी नेसून आल्या. शाल खांद्यावर पडली तशी त्यांनी ती काढली, घडी घातली, आणि माइकवर म्हणाल्या, "निखिल, वर ये. आडवा हो."

निखिल बिचारा नव्या कुर्त्यात स्टेजवर आडवा. बाईंनी शाल त्याच्या जांघेत कोंबली, हातातलं श्रीफळ बाजूला ठेवलं आणि गुडघा टेकला. निखिल कळवळला. "लागतंय? लागलंच पाहिजे. लागत नसेल तर दाब कमी आहे. रक्त थांबलं की लगेच उठायचं नाही. बघायलाही उठायचं नाही. कुणी ओढलं तरी उठायचं नाही." इथं त्यांचा आवाज जरा फाटला. मग सावरला. "एकेक जण वर या. सगळ्यांनी करायचं. जेवण नंतर."

श्रीखंड पुरी गार होईस्तोवर सगळं मंडळ त्या शालीवर गुडघे टेकत होतं. पुण्याची ती सून सुद्धा.

काकांनी मात्र गोळी झाडली त्या दिवसापासून बाईंकडून दाढी करून घेतली नाही. भांडण नाही, बोलणं बंद नाही. सकाळी बाई वाटी घेऊन आल्या की म्हणायचे, "राहू दे आज." दाढी वाढत गेली, पांढरी, छातीपर्यंत. मला एकदा म्हणाले, "मावशी, त्या पोराच्या अंगाची ऊब अजून गुडघ्याला आहे हो माझ्या." बाई हे दाराशी उभं राहून ऐकत होत्या. तपास मिटल्यावर पोलिसांनी शॉटगन खोक्यात घालून परत दिली, ती त्यांनी सही करून घेतली. मी म्हटलं, "बाई, अजून हवीच का?" म्हणाल्या, "हे अजून घरात आहेत ना."

हिवाळ्यात काका थकले. शेवटच्या दिवसांत, अन्न तुटल्यावर, एका सकाळी बाई चादर सारखी करत होत्या तर काकांनी आपणहून हनुवटी वर केली. बाईंनी पाणी गरम केलं. ती दाढी करायला त्यांना सगळी सकाळ लागली. मी कॉफी ठेवली आणि मुकाट बाहेर आले.

काका गेले आणि तेराव्याच्या आधी बाईंनी शॉटगन पोलिसांकडे मोडीत काढायला देऊन टाकली. मग गॅरेज दिवसभर सताड उघडं. मी रागवायची तर म्हणायच्या, "आत आहे काय? मी आहे. माझं कुठं काय फोडलं तर किती वेळ लागतो ते मला पाठ आहे. उगाच घाबरू कशाला?" मला ते ऐकवत नसे. त्यांच्या मुलीनं पार पश्चिम टोकाच्या बॉथेल गावाहून येऊन सामान बांधलं आणि आईला तिकडे न्यायचं ठरवलं.

निघायच्या दिवशी निखिल निरोपाला आला, बायको आणि तान्ही लेक गाडीत. खोकी उचलता उचलता म्हणाला, "काकू, एक राहिलंच. आम्ही नवं घर घेतलंय. तुम्ही आता सगळं बघितलंय. फायनली सांगा, शॉटगन की रायफल?"

"कुणासाठी?"

"म्हणजे... घरासाठी."

"घराला रक्त नसतं रे. कुणासाठी? नाव सांग."

निखिलनं गाडीकडे बघितलं. "ईशासाठी."

"झोपते कुठे?"

"तिच्या रूममध्ये. जिन्याच्या पलीकडे. इथले डॉक्टर म्हणतात पहिल्यापासून सवय लावा, कॅमेरा लावलाय ना आम्ही."

बाईंनी हातातलं खोकं खाली ठेवलं. त्याच्या घराच्या भिंती, जिना, दोन खोल्या आणि मधली जागा, सगळं त्यांना उभ्या उभ्या दिसत होतं, माणसाच्या आतलं दिसायचं तसंच. मी त्यांच्याकडे बघत होते. "म्हणजे चोर जिन्यात," त्या म्हणाल्या, "तू एकीकडे, पोरगी दुसरीकडे, आणि तुझ्या हातात बंदूक. झाड ती. कुठलीही झाड. ती कुठे थांबेल?"

निखिल पुन्हा गाडीकडे बघायला लागला.

"आता कळलं? दुकानात जायच्या आधी पाळणा उचल. तुझ्या पलंगाशी आणून लाव. मग दाराला चांगली कडी लाव. आणि मग, एवढं करून हवीच वाटली, तर मला फोन कर, मी सांगते कुठली ते."

बाईंची गाडी निघाली. मी पदराचं टोक तोंडात धरून उभी. वळणाशी गाडी थांबली, काच खाली आली, मला वाटलं मला काही तरी म्हणतील, इतक्या वर्षांची शेजारीण मी. पण त्या माझ्या डोक्यावरून निखिलला ओरडल्या, "उभा काय राहिलास मर्दा? घरी जा, पाळणा हलव!"

निखिल गेला. संध्याकाळी त्याचा फोन आला. पाळणा हलवला म्हणाला, दारातून जात नव्हता, सुटा करून न्यावा लागला.

बंदुकीबद्दल त्यानं अजून कुणाला फोन केलेला नाही.